चिमणी, चिपाड आणि कार्बन : सोलापूरच्या ऊर्जाधोरणांचा इतिहास

आजचा विषय पत्रिकेवर ‘कार्बन उत्सर्जन आणि सरकारी धोरणे’ असा छापला आहे. विषय जगाचा आहे, पण तो आपण सोलापुरात बसूनच बघणार आहोत. क्योटो, पॅरिस, ग्लासगो अशी नावं घेत बोलायला लागलं की धोरण परिषदेत ठरतं आणि मग जिल्ह्यात राबवलं जातं, असं वाटायला लागतं. या जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. इथं इंधन बदललं ते कधी धंद्यासाठी, कधी भारनियमनामुळे, कधी साखर गोदामात पडून राहिली म्हणून. ‘कार्बन’ हा शब्द त्या बदलांना नंतर चिकटला. आमचं म्हणणं असं की ज्या कारणासाठी धोरण आलं ते कारण संपलं की धोरणही ढिलं पडतं, मग त्याच्यावर हवामानाचा शिक्का कितीही ठळक असो.

सुरुवात अगदी अलीकडच्या एका घटनेपासून करू. १५ जून २०२३. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाजवळ श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी पाडण्यात आली. सुमारे ९० मीटर उंचीची ती चिमणी काही सेकंदांत खाली आली. महापालिकेची कारवाई होती, पोलीस बंदोबस्त होता, सभासद आणि कामगार विरोधात होते. ही चिमणी विमानांच्या वाटेत येते आणि ती आहे तोवर शहराला विमानसेवा मिळणार नाही, हा वाद कित्येक वर्षं चालू होता. त्यात परवानगीचा प्रश्न होता, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शहरात सरळ दोन तट पडले.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट फारशी कुणी बोललं नाही. ती चिमणी सहवीजनिर्मिती प्रकल्पाची होती. म्हणजे उसाच्या चिपाडापासून वीज करायची, ती ग्रीडला द्यायची आणि तेवढा कोळसा वाचवायचा, असं ज्या प्रकल्पांबद्दल सरकारी कागदांत लिहिलेलं असतं, त्यातलाच हा एक. ती पडली विमानासाठी, आणि माणशी उत्सर्जन धरलं तर विमान हे सगळ्यात जड वाहनांपैकी एक. कोण बरोबर, कोण चूक, हा निवाडा आम्ही करणार नाही. विमानसेवा हवी होती हेही खरं, आणि चिमणी हजारो ऊस उत्पादकांच्या पैशातून उभी होती हेही खरं. पण वादाच्या दोन्ही बाजूंना ‘कार्बन’ हा मुद्दाच नव्हता, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवायला हवं.

आता मागे जाऊ. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरात आली. १८७४ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन झाली, तीच आपली जुनी मिल. मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. रेल्वे आली म्हणून कापूस आणि सूत बाहेर जाऊ लागलं, आणि रेल्वे आली म्हणूनच वाफेच्या इंजिनाला लांबून कोळसा आणणं परवडलं. शहराचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा, आणि शहराची ओळख म्हणजे चिमणी. आपल्याकडे ‘धुराडं’ हा शब्द असूनही सोलापूरकर चिमणीच म्हणतो, आणि पाखराशी त्याची गल्लत होत नाही.

त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं, ते बघा. तिथं धूर हा सरकारी प्रश्न झाला होता. १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला. १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी निघाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. मुंबईच्या गिरण्यांना सह्याद्रीच्या पाण्याची वीज मिळू लागली. आज आपण याला ‘स्वच्छ ऊर्जेकडे संक्रमण’ म्हणू. तेव्हाचं कारण साधं होतं. कोळसा बंगालकडून यायचा, महाग पडायचा, आणि धुराने मुंबईकर हैराण झाले होते. ती वीज घाट उतरून मुंबईला गेली. तिची तार घाटाच्या या बाजूला सोलापूरच्या गिरण्यांपर्यंत आली नाही.

सोलापुरातला गिरण्यांचा धूर शेवटी थांबला तो धोरणामुळे नव्हे. जुनी मिल १९६०च्या दशकात बंद पडली, पुढच्या तीसेक वर्षांत बाकीच्याही गेल्या. एखादा कारखाना बंद पडला की त्याचं उत्सर्जन शून्यावर येतं आणि हिशेबाच्या वहीत ती ‘घट’च दिसते. त्या घटीची किंमत कुणी दिली, हे गिरणी कामगारांच्या चाळींत जाऊन विचारावं. कुठल्याही देशाची उत्सर्जन घटल्याची आकडेवारी वाचताना हा प्रश्न आम्ही नेहमी मनाशी ठेवतो.

आता साखर. सोलापूर जिल्ह्यात आज तीसच्या वर साखर कारखाने आहेत, राज्यात सर्वाधिक. याची मुळं १९३०च्या दशकातली. सासवडच्या माळी बागायतदारांनी १९३२ मध्ये आजच्या माळीनगरला सासवड माळी शुगर फॅक्टरी काढली. श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांचा बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट उभा राहिला. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली होती, त्या लाटेतले हे कारखाने. सहकार त्याच्या नंतरचा.

साखर कारखाना पहिल्या दिवसापासून स्वतःच्या इंधनावर चालतो. ऊस गाळला की बगॅस, म्हणजे चिपाडाचा भुसा उरतो. तो बॉयलरमध्ये जाळायचा, वाफ करायची, त्या वाफेवर गिरणीचे रूळ फिरवायचे आणि रस आटवायचा. जुन्या कारखान्यांचे बॉयलर कमी दाबाचे असायचे. ते बगॅस भरमसाट खायचे, आणि ते कुणाला वाईट वाटायचं नाही, उलट सोयीचंच होतं. बगॅस उरला तर ठेवायचा कुठं? आग लागायची भीती. उरलेली वीज घ्यायला मंडळ तयार नसायचं. त्यामुळे इंधन वाया घालवणं हेच शहाणपणाचं होतं.

हे गणित बदललं १९९०च्या दशकानंतर. आधी केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा खात्याने सहवीजनिर्मितीला उत्तेजन द्यायला सुरुवात केली. साखर विकास निधी, जो १९८२च्या कायद्याने उभा राहिला होता, त्यातून कर्ज मिळू लागलं. २००२ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने बगॅसच्या विजेला दर ठरवून दिला. २००३च्या वीज कायद्याने आयोगांवर सहवीज आणि अपारंपरिक ऊर्जेला प्रोत्साहन देण्याची जबाबदारीच टाकली. २००८ मध्ये राज्याचं नवं धोरण आलं, त्यात बगॅसपासून १,००० मेगावॅटचं उद्दिष्ट होतं. कारखान्यांनी जुने बॉयलर मोडीत काढून उच्च दाबाचे बसवले. तेवढ्याच चिपाडातून कारखाना चालवूनही वीज उरायला लागली.

पण का? ते दिवस आठवा. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प २००१ मध्ये बंद पडलेला. २००५च्या पुढे ग्रामीण महाराष्ट्रात दहा-बारा तास भारनियमन. ‘लाइट कधी येणार?’ हा घरातला रोजचा प्रश्न. अशा वेळी कारखान्याची वीज मिळते म्हटल्यावर सरकार ती घेणारच. त्यात भर म्हणजे ऊस गळिताचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, आणि रब्बीची पाणीपाळीही तेव्हाच. विजेची जोडी जमली.

याच टप्प्यावर ‘कार्बन’ हा शब्द साखर कारखान्यांच्या सभांमध्ये पहिल्यांदा आला. क्योटो करार फेब्रुवारी २००५ मध्ये लागू झाला. त्यातल्या स्वच्छ विकास यंत्रणेखाली विकसनशील देशांतल्या प्रकल्पांना कार्बन क्रेडिट मिळायची, ती युरोपात विकता यायची. देशातल्या अनेक सहवीज प्रकल्पांनी अर्ज केले. त्यातली अट मोठी गमतीची होती. क्रेडिटचे पैसे मिळाले नसते तर हा प्रकल्प उभाच राहिला नसता, असं कागदावर सिद्ध करावं लागायचं. म्हणजे भारनियमन, निधीचं कर्ज, ठरलेला दर ही खरी कारणं बाजूला ठेवून हवामान हेच निर्णायक कारण म्हणून मांडायचं. पुढचा संशोधक हे अर्ज वाचेल तेव्हा त्याने जरा जपून वाचावेत. २०१२च्या सुमारास क्रेडिटचे भाव कोसळले. प्रकल्प चालूच राहिले, कारण ते मुळात क्रेडिटवर उभे नव्हते. त्यांना खरा चटका बसला तो वीजखरेदीचे जुने करार संपल्यावर. तोपर्यंत राज्यात वीज पुरेशी झाली होती, सौर वीज स्वस्त झाली होती, आणि ठरावीक दराऐवजी निविदा आल्या. तुटवडा हे कारण संपलं आणि बगॅसच्या विजेचा लाडही संपला.

इथेनॉलची कथा याहून जुनी आहे. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याचा कायदा आपल्याकडे १९४८ चा आहे, इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट. तेव्हा हवामानबदल हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता. देशात तेल फारसं नव्हतं, मळी मात्र होती. पुढे तो कायदा कागदावर राहिला आणि २००० मध्ये रद्द झाला. आणि लगेच २००१ मध्ये नव्याने चाचणी सुरू झाली ती देशात तीन ठिकाणी, त्यातली दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाडला. २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण आलं. २०१८च्या जैवइंधन धोरणाने मळीच्या पुढे जाऊन रसापासूनही इथेनॉल करायला वाट मोकळी केली. डिस्टिलरीच्या कर्जाला व्याजसवलत मिळाली. २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं गेलं, आणि गाठलंही गेलं.

कागदावर हे उत्सर्जन कमी करण्याचं धोरण आहे. पण २०१८ साली साखरेचं काय चाललं होतं? विक्रमी उत्पादन, भाव पडलेले, एफआरपी थकलेली. कायद्याने उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे असतात, आणि शेतकरी महिनोन् महिने वाट बघत होता. इथेनॉलमुळे साखर कमी तयार होते, तेल कंपन्यांकडून पैसे लवकर येतात, थकबाकी फिटते. धोरणाचं हृदय हे होतं. हे वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. शेतकऱ्याला वेळेवर पैसे मिळणं हे पुरेसं चांगलं कारण आहे.

मग २०२३ चा पाऊस. ऑगस्ट कोरडा गेला, उसाची वाढ खुंटली, निवडणुका तोंडावर. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गळीत हंगामात, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आणली. आठवडाभरात ती थोडी सैल केली, पण मर्यादा राहिली. पुढच्या हंगामासाठी ती उठली. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून टाक्या आणि यंत्रं उभी केली होती, त्यांचा हंगाम मधेच तुटला. साखरेचा भाव हे मूळ कारण होतं, तो उलट दिशेला गेला आणि स्वच्छ इंधन मागे पडलं. त्या वर्षी मक्याचं इथेनॉल पुढे गेलं, उसाचं मागे राहिलं.

आणि उसाबद्दल बोलायचं तर पाण्याबद्दल बोलायलाच हवं. आपला जिल्हा अवर्षणप्रवण. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातले त्रेसष्टच्या वर मृतसाठ्यातच जातात. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य इथं शेंबडं पोरही म्हणतं. कोळशाच्या जागी चिपाड आणि पेट्रोलच्या जागी उसाची स्पिरिट आली, तर धुराचा हिशेब सुधारतो, पण पाण्याचा? मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी नुसत्या ओलीवर येते. तिला ना इथेनॉलचं धोरण, ना व्याजसवलत. उत्सर्जनाच्या कुठल्याच तक्त्यात ती बसत नाही, कारण ती काहीच जाळत नाही आणि जाळायला काही देतही नाही.

आता कोळसा. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीजवळ एनटीपीसीचं औष्णिक केंद्र आहे, ६६० मेगावॅटचे दोन संच, पहिला २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये सुरू झाला. पाणी उजनीचं, कोळसा शेकडो किलोमीटर लांबून रेल्वेने. सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे तेव्हा केंद्रात ऊर्जामंत्री होते, त्यामुळे प्रकल्प इथं आला असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ते असो. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो काळ. ३० जून २००८ ला हवामानबदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान. १ जुलै २०१० पासून कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर. आणि याच काळात एनटीपीसीच्या ६६० मेगावॅटच्या अकरा संचांची एकत्रित निविदा निघाली, सोलापूरचे संच त्याच लाटेतले.

यात विसंगती नव्हती, असं सरकारचं म्हणणं. कारण हे संच सुपरक्रिटिकल आहेत. पाण्याचं तापमान आणि दाब इतका वाढवायचा की पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही, त्यामुळे एका युनिटला कोळसा कमी लागतो. म्हणजे नवं कोळशाचं केंद्र हेही उत्सर्जन-घटीचं धोरण ठरलं! हे निव्वळ ढोंग नाही. दर युनिटमागे घट खरीच होते. भारताने आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर जे वचन दिलं तेही असंच होतं: एकूण उत्सर्जन नव्हे, तर उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन कमी करू. गरीब देशाच्या दृष्टीने त्यात न्याय आहे. पण चिमणीला दर युनिटचा हिशेब कळत नाही, ती एकूण सोडते.

त्या उपकराचं पुढे काय झालं तेही ऐका. ५० चे १००, १०० चे २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये टन झाले. यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी भरायचा होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांच्या महसूल नुकसानभरपाईकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरच गेला, कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. जगातल्या पहिल्या काही कार्बन करांपैकी एक म्हणून अर्थशास्त्रज्ञ ज्याचा उल्लेख करत होते, त्याचा प्रवास असा.

एक गोष्ट मात्र सोलापूरने अभिमानाने सांगावी अशी आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाच्या ग्रीडशी एका लयीत आलं. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०१२ मध्ये, उत्तर भारत अंधारात बुडाला होता. या जोडणीचा हेतूही हवामान नव्हता, तुटीच्या दक्षिणेला वीज नेणं हा होता. पण आज कर्नाटकातलं ऊन आणि तमिळनाडूतला वारा वर पोचू शकतो तो अशा वाहिन्यांमुळेच. आमच्या मते गेल्या पंचवीस वर्षांत स्वच्छ ऊर्जेसाठी या जिल्ह्यात झालेलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि त्याच्या कोनशिलेवर ‘स्वच्छ’ हा शब्द लागत नाही.

रेल्वेचंही थोडक्यात सांगतो. २०१८ मध्ये शंभर टक्के विद्युतीकरणाचा निर्णय झाला, आयात डिझेल वाचवायला. मध्य रेल्वेचा शेवटचा राहिलेला तुकडा आपल्याच सोलापूर विभागात होता, औसा रोड ते लातूर रोड. तो फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झाला. आता फताटेवाडीचा कोळसा विजेच्या इंजिनाने येतो.

शेवटी सौर. सोलापूरला ऊन मोजायची गरज नाही. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. शेतीपंपाला आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज मिळते. रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जाणाऱ्या माणसाला विंचू-काट्याचं भय असतं, थंडी असते. या योजनेचा आधार कार्बन नाही, ती रात्रीची पाळी आहे. म्हणूनच ती टिकेल असं आम्हाला वाटतं, कारण हे कारण हंगामाबरोबर किंवा बाजारभावाबरोबर उलटत नाही. शिवाय शेतीच्या सवलतीचा बोजा उद्योगांच्या वीजबिलावर पडतो, आपल्या यंत्रमागवाल्यांना ते वेगळं सांगायला नको. दिवसाची स्वस्त सौर वीज तो बोजा हलका करते.

पण जमीन कुठली? दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरसाल तीन टक्के वाढ आहे. शेतकऱ्याला हे परवडतं. सरकारी जमीन म्हणजे बहुतेकदा गायरान. महसुलाच्या दफ्तरात माळरान ‘पडीक’ असतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात जाऊन बघितलं तर त्या पडीकात काळवीट दिसतं, लांडगा दिसतो, धनगरांची मेंढरं चरत असतात. माळढोक तर आता जवळजवळ दिसेनासाच झालाय. गायरानावर पॅनेल बसवताना ग्रामसभेत मेंढपाळाला कुणी विचारलं का, हे गावोगाव तपासायला हवं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोला पंतप्रधानांनी २०७० साली निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं. फताटेवाडीच्या संचांचे वीजखरेदी करार साधारण पंचवीस वर्षांचे, म्हणजे २०४०च्या दशकात ते संपतील. आज त्या केंद्रात कंत्राटावर लागलेला पंचविशीतला मुलगा तेव्हा चाळिशी ओलांडलेला असेल. जुनी मिल बंद पडली तेव्हा कामगारांसाठी कुठलं धोरण तयार नव्हतं. या वेळी हाताशी वीस वर्षं आहेत. होटगी रस्त्यावरून गोव्याला विमान ९ जून २०२५ पासून जाऊ लागलं, आणि चिमणी जिथं होती ते कारखान्याचं आवार धावपट्टीपासून फार लांब नाही. आता प्रश्न घेऊ. माईक मागच्या रांगेकडे द्या, तिथं बरेच हात वर आहेत.